स्वस्त आणि सुग्रास

घराबाहेर खाणे ही एके काळी आपल्या गोव्यात चारचौघांत सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. हिंदू घरांत सोवळ्याओवळ्याची अडचण होती. आम्हां ख्रिस्ती घरांत सोवळे नव्हते. पण प्रतिष्ठा होती, आणि ती सोवळ्याहून कडक होती. रस्त्याच्या कडेला उभा राहून हातात बशी धरून खाणारा मनुष्य एक तर परगावचा असावा, नाही तर त्याच्या घरी चूल पेटलेली नसावी, असा समज दोन्हीकडे सारखाच होता. तो समज आता बहुतेक गेला, हे बरे झाले. परंतु त्याच्या रिकाम्या जागी दुसरा येऊन बसला आहे. चांगले खावयाचे तर पैसे भरपूर मोजले पाहिजेत आणि थोडक्या पैशांत मिळते ते केवळ वेळ मारून नेण्यापुरते, असे आता पुष्कळ लोक मानतात. पर्यटकांसाठी सजविलेल्या भोजनगृहांनी हा समज वाढविला असेल. मला तो मान्य नाही. पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा यांपैकी कोणत्याही शहरात माझ्यासारख्या शाळामास्तराला परवडेल अशा दरात सकाळपासून रात्रीपर्यंत उत्तम खाता येते. मात्र त्यासाठी खाणाराला डोळे उघडे ठेवावे लागतात. ते कसे, हेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम सकाळ. आपल्या जुन्या कॅफेंत सकाळी आठच्या सुमारास गेलात, तर वाढप्या पदार्थांची यादी म्हणून दाखवीत नाही; तो फक्त विचारतो, ‘पातळ की सुकी?’ पातळ म्हणजे वाटाण्याची, चण्याची किंवा अळसांद्यांची, खोबऱ्याचे वाटप लावलेली रसभाजी. सुकी म्हणजे बटाट्याची. ज्याला निवड करता येत नाही तो ‘मिक्स’ म्हणतो आणि त्याच्या बशीत सुक्या भाजीवर पातळ भाजीची पळी पडते. माझ्या मते मिक्स हीच शहाण्याची निवड. बटाटा रस पितो आणि पावाला दोन्हींची चव लागते. सोबत पाव घ्यावा, किंवा केळे कुसकरून भिजविलेल्या पिठाचा तो किंचित गोड, टम्म फुगलेला बन घ्यावा. मिरचीचे भजे आणि काचेच्या पेल्यातला चहा हवा असेल तर. नसला तरी न्याहारी पुरी होते. कडधान्य आणि धान्य एकत्र आले म्हणजे एकातील प्रथिनांची उणीव दुसरे भरून काढते, हे आम्ही मुलांना वर्गात फळ्यावर लिहून शिकवितो. कॅफेतली पातळ भाजी आणि पाव हा त्याच धड्याचा प्रयोग आहे. वेळेचे मात्र पथ्य पाळावे. साडेनऊ-दहानंतर पातेल्याच्या तळाशी राहिलेली भाजी पाणी घालून वाढविलेली असण्याचा संभव फार.

दुपारच्या मासळीच्या थाळीविषयी गोमंतकीयांना मी काय सांगावे? भात, हुमण, किसमूर, एखादी भाजी, सोलकढी आणि तळलेला एक लहानसा मासा, एवढे असले की आपला मनुष्य संतुष्ट असतो. एकच गोष्ट सुचवितो. थाळी सहसा स्वस्त असते. खिसा हलका होतो तो वरून मागविलेल्या विसवणाच्या नाही तर पापलेटाच्या तुकडीने. म्हणून बसण्यापूर्वी ‘आज बाजारात काय आले?’ हे विचारावे. पावसाळा सरल्यावर बांगडा आणि तारले विपुल येतात, आणि चवीत वा पोषणात त्यांना मोठ्या माशापुढे मान खाली घालण्याचे कारण नाही. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. त्या ६१ दिवसांत थाळीत ताज्या विसवणाचा आग्रह धरणारा गिऱ्हाईक बर्फातल्या जुन्या माशाचे पैसे मोजतो. त्याऐवजी सुक्या सुंगटांचे किसमूर, अळसांद्यांचे तोणाक, अंबाड्यांचे सांसव अशा पदार्थांकडे वळावे. आपल्या आज्यांनी पुरुमेंताची साठवण उगीच केली नव्हती.

आता माझ्या खऱ्या विषयाकडे, म्हणजे संध्याकाळच्या गाड्याकडे येतो. सूर्य मावळला, बसस्थानकाजवळचे किंवा बाजाराच्या तोंडाशी असलेले दिवे लागले, की चार चाकांची एक लाकडी किंवा पत्र्याची खोली जणू कोठून तरी उगवते. तिच्यात एक शेगडी, एक पसरट तवा, अंड्यांच्या रचलेल्या चळती, कापलेल्या कांद्याचे भांडे, पावांची टोपली आणि मंद आचेवर सतत खदखदणारे एक मोठे पातेले. त्या पातेल्यात शागोतीचा रस असतो. खोबरे, धणे, मिरी, लवंग, बडीशेप, खसखस, चक्रीफूल, जायफळ हे सारे भाजून, वाटून केलेला तो दाट तपकिरी रस कोंबडीच्या तुकड्यांसकट शिजलेला असतो. तुम्ही मागितले की दोन अंडी फोडून कांदा-मिरचीसह ऑम्लेट होते, ते बशीत येते, त्यावर रसाची पळी, वर चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड आणि बाजूला पाव. यालाच आपण रोस ऑम्लेट म्हणतो. दुसऱ्या प्रांतांतून आलेल्या मित्रांना मी हे प्रथम खाऊ घालतो, आणि मग मोठमोठ्या चर्चची व देवळांची स्थाने दाखवितो.

या बशीचा थोडा विचार करा. पाव आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला, आणि कित्येक पिढ्या तो माडाच्या सुरेने आंबवीत असत. मिरचीही त्यांच्याच गलबतांतून आली. रसातले खोबरे आपल्या परसातले. धणे, मिरी, जायफळ ही या किनाऱ्याच्या जुन्या व्यापारातली. शागोती हिंदूंच्या घरीही होते आणि ख्रिस्तींच्या घरीही, आणि दोन्हीकडच्या गृहिणी आपलीच खरी असे मानतात. गाड्यावर हा वाद मिटलेला दिसतो. तेथे कदंबचा कंडक्टर, कचेरीतला कारकून, इस्पितळात रात्रपाळीला निघालेली परिचारिका, बिहारहून आलेला गवंडी आणि मोटारीतून उतरलेले वकीलसाहेब एकाच फळीला कोपर टेकून खात असतात. वकीलसाहेबांना आपण येथे दिसू नये असे वाटत असते, एवढाच काय तो फरक.

मी ज्या गाड्यावर जातो त्याचा मालक हिंदू आहे. उपवासकाळातल्या एका शुक्रवारी शाळेतल्या बैठकीने उशीर झाला आणि मी भुकेने व्याकूळ होऊन त्याच्यापुढे उभा राहिलो. दिवस कोणता हे माझ्या ध्यानातही नव्हते. त्याने अंडी फोडली आणि पळी हातात धरून थांबला. ‘आयज शुक्रार न्हय, मास्तर? रोस कसो घालूं?’ आमच्यात त्या शुक्रवारी मांस वर्ज्य असते. अंडे चालते, कोंबडीचा रस चालत नाही. हे त्याने कोणा गिऱ्हाइकाकडून कधी तरी ऐकून ठेवले होते. त्याने बाजूच्या लहान भांड्यातले चण्याचे तोणाक ऑम्लेटवर घातले आणि पैसे रोजचेच घेतले. ज्या भोजनगृहात दारावर दरवान असतो तेथे माझा शुक्रवार कोणी लक्षात ठेवील असे मला वाटत नाही.

पण केवळ जिव्हाळ्याने पोट बिघडावयाचे थांबत नाही, हेही खरे. तेव्हा आता पारखीकडे वळू. गाड्यावरचे खाणे वाईट, असे सरसकट म्हणणाऱ्याने जरा शास्त्राचा आधार घ्यावा. शिजविलेले अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर तापलेले ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते; कारण त्या उष्णतेत रोगजंतूंची वाढ होत नाही. खदखदणारा रस त्याहून पुष्कळ तापलेला असतो. अंडे तुमच्या डोळ्यांसमोर फुटते आणि तव्यावर पुरते भाजले जाते. पाव त्याच दिवसाचा असतो. म्हणजे बशीतील मुख्य तीन पदार्थ, हवे तर, भल्या भल्या हॉटेलांतल्या फ्रिजमधून काढून कोमट केलेल्या पदार्थांहून निर्धोक आहेत. धोका आहे तो जे गरम नाही त्यात. चिरून ठेवलेला कांदा, पिण्याचे पाणी, हिरवी चटणी, आणि सर्वांत अधिक म्हणजे बशी ज्या बादलीत विसळली ती बादली. मी गाड्यापाशी गेलो की पातेल्याकडे नंतर पाहतो, आधी बादलीकडे पाहतो. संध्याकाळी सातला तिच्यातले पाणी गढूळ झालेले असेल, तर दहा वाजता ते कसे असेल याचे गणित कोणालाही करता येईल. जो गाडेवाला दोन बादल्या ठेवतो आणि तासा-दीड तासाने पाणी ओततो, त्याच्याकडे निर्धास्त जावे. पाणी मात्र आपले आपण बाटलीतून न्यावे. त्यात कोणाचा अपमान नाही.

दुसरी खूण हातांची. पैसे घेणारा हात आणि पाव उचलणारा हात एकच असू नये. पूर्वी यासाठी नवरा-बायको दोघे गाड्यावर लागत. एकटा असला की तो ‘पैसे तुम्हीच डब्यात टाका’ म्हणे. आता गाड्याच्या खांबाला ठिपक्यांचा चौकोनी कागद डकविलेला असतो, भ्रमणध्वनी त्याच्यासमोर धरला की पैसे पोहोचतात, आणि एक डबी मोठ्याने रक्कम सांगते. त्या डबीच्या ओरडण्याने मला प्रथम फार त्रास होई. आता वाटते, नोटांचा मळ बशीत उतरण्याचे तिने जितके थांबविले तितके कोणा आरोग्य निरीक्षकाने क्वचितच थांबविले असेल.

तिसरी खूण अशी की, गाड्यावर पदार्थ जितके कमी तितका तो गाडा चांगला. एकच रस करणारा मनुष्य तो रोज करतो, रोज संपवितो आणि दुसऱ्या दिवशी नवा करतो. त्याला शिळे ठेवायला जागाही नसते. ज्याच्या फलकावर चिनी, पंजाबी, दक्षिणी आणि इटालियन असे चाळीस पदार्थ रंगविलेले असतात, त्याच्याकडे त्या चाळीसांची सामग्री कोठे तरी, केव्हापासून तरी, पडून असणारच. गर्दी हीही खूण आहे, पण गर्दी कोणाची हे पाहावे. रिक्षावाले आणि बसचे कर्मचारी जेथे रोज खातात तेथे जावे. पोट बिघडून एक दिवस बुडणे त्यांना परवडत नाही.

रंगाविषयीही बोलले पाहिजे. काही वर्षांपासून आपल्या जत्रांत फुलकोबीच्या लालभडक ‘गोबी मंच्युरियन’चे गाडे फार झाले. २०२२ साली वास्कोच्या दामोदर सप्ताहाच्या वेळी अन्न व औषध प्रशासनाने या गाड्यांना आळा घालण्यास नगरपालिकेला सांगितले, आणि २०२४ च्या आरंभी म्हापसा नगरपालिकेने या पदार्थाच्या विक्रीलाच मनाई केली. कृत्रिम रंग आणि अस्वच्छता ही कारणे सांगितली गेली. कारणे खोटी नव्हती. तरीपण माझे मत असे की, फुलकोबीने कोणाचे काही बिघडविले नव्हते. बिघडविले असेल ते रंगाने, हलक्या सॉसने आणि पुन्हा पुन्हा तापविलेल्या तेलाने. एका पदार्थाचे नाव काढून टाकले, तर तेच तेल दुसऱ्या पदार्थाला कामी येते. तळणीच्या तेलात किती बिघाड चालावा याची मर्यादा २०१८ पासून नियमाने ठरली आहे. पण ती मोजण्याचे यंत्र आपल्याजवळ नसते. आपल्याजवळ नाक आणि डोळे असतात. तेल काळपट दिसले, फेसाळले, मंद आचेवरही धूर काढू लागले, की भज्यांचा मोह आवरावा.

आणि वर्तमानपत्राचा कागद! छपाईच्या शाईतील द्रव्ये गरम व तेलकट पदार्थांत उतरतात, म्हणून वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत, असे अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ साली आणि पुन्हा २०२३ साली बजावले. माझे हे भाषण वर्तमानपत्रात छापून यावयाचे आहे. वाचकांनी ते वाचून रद्दीवाल्याला द्यावे. मिरची-भज्यांना त्याचा स्पर्श होऊ देऊ नये, ही नम्र विनंती.

इतके झाल्यावर एक अवघड प्रश्न उरतो. हे अन्न स्वस्त का असते? गाड्याला दालनाचे भाडे नाही, वाढपी नाहीत, खुर्च्या नाहीत, शंभर बश्यांना एकच रस पुरतो, हे सारे खरे. पण तेवढ्याने हिशेब जुळत नाही. मी एकदा सकाळच्या वेळी एका गाडेवाल्याच्या घरी त्याच्या मुलाच्या अभ्यासाविषयी बोलायला गेलो होतो. अंगणात त्याची बायको आणि वृद्ध आई नारळांचा ढीग घेऊन बसल्या होत्या. एकजण खवीत होती, दुसरी कढईत खोबरे परतीत होती. मसाला भाजल्याचा ठसका गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता. सकाळी नऊला सुरू झालेले हे काम दुपारी तीनपर्यंत चालते. सहाला गाडा लागतो, अकराला बंद होतो, बाराला भांडी घासली जातात. त्या दोघींच्या मजुरीचा आकडा त्या बशीच्या किमतीत कोठेही धरलेला नाही. आपण जे स्वस्त म्हणून कौतुकाने खातो त्याचा काही भाग त्या अंगणात कोणी तरी न मागता भरलेला असतो. नारळ महागला, अंडी महागली, पाव महागला आणि गाडेवाल्याने दोन-पाच रुपये वाढविले, की कपाळाला आठ्या घालणारी मंडळी मी पाहतो. त्यांतली काही चित्रपटगृहात लाह्यांच्या पुड्याला निमूटपणे पाहिजे ते दाम देतात.

पावाचीही तीच कथा. पोदेर नसेल तर गाडा नाही. पोदेराची भट्टी मध्यरात्री पेटते. पहाटे आणि पुन्हा सायंकाळी त्याची सायकल भोंगा वाजवीत फिरते. उंडो, कातरो, पोई, कांकण यांची टोपली ताडपत्रीखाली झाकलेली. गावोगाव जुन्या पोदेरांची मुले शिकून दुसऱ्या धंद्यांत किंवा परदेशात गेली आणि पुष्कळ भट्ट्या भाड्याने दुसऱ्यांच्या हाती गेल्या. मुले शिकली यात आम्हां शिक्षकांना आनंदच आहे. परंतु त्यांच्या जागी भट्टीपाशी उभे राहणाराला चार पैसे सुखाने मिळतील, असे त्या पावाचे मोल आपण कधी ठरविले काय?

सरकारने काहीच केले नाही असे नाही. २०१४ साली पथविक्रेत्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यानुसार शहरातील विक्रेत्यांची पाहणी व्हावी, त्यांना प्रमाणपत्र मिळावे, पाहणी होईपर्यंत कोणाला उठवू नये, आणि प्रत्येक नगराला एक विक्रय समिती असावी, असे ठरले. त्या समितीत निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांतून निवडलेले, आणि त्यांतील एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असेही कायदा म्हणतो. २०२० साली, साथीच्या टाळेबंदीने गाडे बंद पडल्यावर, त्यांना पुन्हा भांडवल मिळावे म्हणून तारणावाचून १०,००० रुपयांच्या कर्जाची योजना निघाली आणि पुढे ती वाढविली गेली. कागदावर हे सारे चांगले आहे. पण कर्ज मिळालेल्या गाड्याला उभे राहण्याची जागा आणि भांडी धुण्याचे पाणी कर्जातून मिळत नाही.

याबाबतीत आशियातील एका नगराचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. सिंगापूरमध्ये १९६८-६९ साली रस्त्यांवरील सुमारे १८,००० विक्रेत्यांची नोंद करण्यात आली. त्यांना हाकलून देण्याऐवजी शासनाने १९७१ पासून नळ, वीज, मोऱ्या आणि छप्पर असलेली सार्वजनिक केंद्रे बांधली, आणि १९८६ पर्यंत विक्रेते तेथे हलविले गेले. एका ओट्यावर एक विक्रेता, त्याचा एक-दोन पदार्थांचा हातखंडा, आणि मध्ये सर्वांसाठी मेजे. २०१६ साली तेथल्या दोन साध्या ओट्यांना मिशेलिनचा तारा मिळाला. २०२० साली त्या केंद्रांतील खाद्यसंस्कृतीची नोंद युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. सारेच तेथे गोड आहे असे नव्हे. जुने विक्रेते थकले आहेत, आणि लोकांना दर वाढलेले नको असल्यामुळे तरुण या धंद्यात यावयास कचरतात. म्हणजे अंगणातल्या त्या दोघींच्या हिशेबाचा प्रश्न तेथेही आहेच. मात्र बादलीचा प्रश्न त्यांनी सोडविला.

आपल्या गावांना एवढे मोठे बांधकाम नको. गाडे जेथे रोज संध्याकाळी लागतात त्या जागा नगरपालिकेला ठाऊक आहेत. कराची पावती फाडायला माणूस तेथे बरोबर पोहोचतो. त्या रांगेला एक वाहता नळ, सांडपाण्याला एक झाकलेली मोरी, आणि उष्टे टाकायला रोज उचलला जाणारा एक डबा, इतके मागावयाचे आहे. २०१४ च्या त्याच कायद्याने विक्रय समितीत रहिवाशांच्या संघांनाही जागा ठेवली आहे. आपल्या प्रभागातून तेथे कोण बसतो, हे श्रोत्यांपैकी कितीजणांनी विचारले असेल? तो बहुधा ओळखीचाच निघेल. कदाचित रात्री नऊनंतर, दिव्याच्या थोड्या आडोशाला, रोस ऑम्लेट खाताना भेटेल. त्याला तेथेच नळाचे विचारावे.